इसब, केलॉइड आणि स्तनांचं इम्प्लांट: ऑपरेशनची तारीख त्वचेला विचारून ठरवा

आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ३४. राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. साडेतीन वर्षांपूर्वी सिझेरियन झालं, बाळाला दीड वर्ष अंगावर पाजलं, आणि दूध सुटल्यापासून स्तन अगदी रिकामे झाल्यासारखे वाटतात. इम्प्लांट बसवून घ्यायची इच्छा आहे. लहानपणापासून इसब आहे, तो हिवाळ्यात कोपरांच्या लवणीत आणि गुडघ्यांमागे उठतो. कॉलेजात असताना कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं, तिथे केलॉइड, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणारा जाड व्रण, आला. गेल्या पावसाळ्यात स्तनांखाली नायटा झाला होता, तो मेडिकलमधून आणलेल्या क्रीमनं 'दबलेला' आहे. चिकटपट्टीनं अंगावर पुरळ येतं. आईला सोरायसिस आहे. 'माझ्यासारखीनं हे ऑपरेशन करावं का? सिलिकॉननं त्वचा आणखी बिघडेल का? आणि गणपतीच्या सुट्टीला जोडून उरकता येईल का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. गणपतीत नको. पहिल्याचं उत्तर माझ्या मते 'करता येईल, पण आज नाही' असं आहे. तुमच्या सगळ्या यादीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती केलॉइडची किंवा आईच्या सोरायसिसची नव्हे, तर त्या दबलेल्या नायट्याची. ते का, हे नीट सांगते.

इम्प्लांट ही शरीराबाहेरून आणून ठेवलेली वस्तू आहे. तिला रक्तपुरवठा नसतो. साध्या जखमेत चार जंतू शिरले तर रक्तातून येणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिजैविकं त्यांचा समाचार घेतात. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर तेच जंतू चिकट थर करून बसतात, आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. त्यामुळे या ऑपरेशननंतर खोलवर पू झाला, तर नुसत्या गोळ्यांवर भागेल याचा भरवसा नसतो. पुष्कळदा इम्प्लांट काढून टाकावं लागतं, आणि पुन्हा बसवण्याआधी तीन ते सहा महिने थांबावं लागतं. असं शंभरातल्या एखाद-दुसरीच्या बाबतीत होतं. पण त्या एकीला एक बाजू भरलेली आणि एक बाजू सपाट अशा अवस्थेत ते महिने काढावे लागतात. मी अशा बायकांना धीर दिलेला आहे, म्हणून हा आकडा मला छोटा वाटत नाही.

दुसरी गोष्ट हळू घडते. कोणत्याही इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं, ते नैसर्गिकच आहे. काहींच्यात मात्र ते आवरण आवळत जातं. स्तन कडक होतो, आकार बदलतो, दुखतो. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक ठळक कारण म्हणजे ऑपरेशनच्या वेळी आत गेलेले, पू न करता नुसते मुरून बसलेले जंतू. हे जंतू बहुधा आपल्याच कातडीवरचे असतात, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे, जे एरवी कुणाला त्रास देत नाहीत. म्हणून चांगला सर्जन इम्प्लांटला त्वचेचा स्पर्शही होऊ नये यासाठी धडपडतो. हातमोजे बदलतो, स्तनाग्रावर पारदर्शक पट्टी लावतो, इम्प्लांट बसवायचा खळगा जंतुनाशकानं धुतो, छेद देण्याच्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविक देतो. एवढं सगळं ज्या त्वचेच्या भीतीनं करायचं, तीच त्वचा छेदाच्या जागी आजारी असेल तर ही सगळी मेहनत अर्ध्यावर येते.

आणि छेदाची सर्वांत वापरली जाणारी जागा कोणती? स्तनाखालची घडी. तुमचा नायटा नेमका तिथेच होता.

आता त्या क्रीमबद्दल. आपल्याकडे नायट्याला मेडिकलमधून जे क्रीम मागून आणलं जातं, त्यात बहुतेकदा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीविरोधी, जंतुविरोधी आणि एक जोरदार स्टेरॉइड, पुष्कळदा क्लोबेटासॉल. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, म्हणून ते औषध 'गुणकारी' वाटतं. बुरशी मात्र आत राहते. लावणं थांबवलं की पुन्हा येते, आणि आता तिची गोल, उठावाची, खवल्यांची ओळखीची कड पुसली गेलेली असते. मग तो नायटा ओळखायला त्वचारोगतज्ज्ञालाही खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. गेली काही वर्षं आपल्याकडे चिवट नायट्याची जी साथच आलेली आहे, तिच्यात या मिश्र क्रीमांचा वाटा मोठा आहे. घरात एकाला असला तर दुसऱ्याला लागतो, म्हणून तुमच्या यजमानांना जांघेत असं काही आहे का, हेही विचारा. लाजू नका. एकाच घरात एकाचा बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत येतो, हे फार वेळा दिसतं.

बुरशी हा अर्धाच भाग झाला. स्टेरॉइडनं घडीतली कातडी पातळ होते. घडीत त्वचेवर त्वचा बसते, तिथे घाम असतो, झाकलेलं असतं, त्यामुळे औषध तिथे जास्त मुरतं. महिनोन्‌महिने लावलं तर लालसर बारीक शिरा दिसू लागतात, कधी पोटावर गरोदरपणात पडतात तशा रेघा पडतात. त्या रेघा कायमच्या राहतात. पातळपणा क्रीम बंद केल्यावर काही महिन्यांत काही प्रमाणात भरून येतो. अशा कागदासारख्या त्वचेवर आम्ही छेद दिला तर टाके धरून ठेवणारं कापडच विरलेलं असतं. वर इम्प्लांटचं वजन येतं. जखम उकलणं, इम्प्लांट खाली सरकणं, त्याच्या कडा आणि सुरकुत्या बाहेरून दिसणं, हे सगळं पातळ त्वचेत जास्त.

म्हणून पहिलं काम प्लास्टिक सर्जनकडे नाही. पहिलं काम त्वचारोगतज्ज्ञाकडे. ते क्रीम कोणतं, किती दिवस, दिवसातून किती वेळा, हे सांगा, नळी दाखवा. खवल्यांची तपासणी होऊ द्या. पोटातून बुरशीचं औषध सुरू झालं तर ते सांगितलेले सगळे आठवडे घ्या, खाज गेली म्हणून मध्येच सोडू नका. मी माझ्या पेशंटना सांगते की घडी पूर्ण स्वच्छ झाल्यावर, कोणतंही औषध न लावता किमान दोन-तीन महिने तशीच राहिली पाहिजे. औषधाच्या आधारावर दबलेली त्वचा मी बरी धरत नाही.

एक शक्यता आणखी आहे, आणि ती तुमच्या आईमुळे डोक्यात येते. घडीत होणारा सोरायसिस नायट्यासारखा दिसतो. कोपरावर, डोक्यात जसे जाड पांढरे खवले येतात तसे घडीत येत नाहीत. तिथे नुसता गुळगुळीत, लालबुंद, कधी चिरलेला चट्टा असतो. तपासणीत बुरशी सापडली नाही, तर हा विचार करायला हवा. सोरायसिसची एक खोड आहे: त्वचेला जिथे इजा होते तिथे तो उगवतो. हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात हे पहिल्यांदा नोंदवलं. ओरखडा, भाजणं, टाके, काहीही चालतं, आणि साधारण दहा ते वीस दिवसांनी त्याच रेषेत चट्टा येतो. सोरायसिसच्या सगळ्यांनाच असं होत नाही, ढोबळमानानं चौघांपैकी एकाला होतं. रोग उसळलेला असताना जास्त होतं. पांढऱ्या कोडातही हीच खोड आहे, व्रणाच्या रेषेत रंग जातो. त्यामुळे कोड असलेल्या बाईला मी एकच विचारते: गेल्या वर्षभरात एखादा तरी नवा डाग आलाय का? आला असेल तर थांबायचं.

आईला आहे म्हणून तुम्हाला सोरायसिस होईलच असं मुळीच नाही, आणि नुसत्या घराण्यावरून मी कुणाचं ऑपरेशन नाकारत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना स्वतःला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द औषधांबद्दल. मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं सुरू असतील तर ती आपल्या मनानं बंद करू नका आणि सर्जनपासून लपवूही नका. सांधेबदलाच्या ऑपरेशनांत मेथोट्रेक्सेट चालू ठेवण्याची आणि इंजेक्शनांच्या बाबतीत एक डोस टाळून ऑपरेशन करण्याची पद्धत रूढ झाली आहे. इम्प्लांटच्या वेळी काय करायचं हे तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आणि सर्जननी एकमेकांशी बोलून ठरवायचं. फोनवर नको, लेखी. पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर त्या एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. आणि ज्या पुडीवर कागद नाही, नाव नाही, पण जिनं इसब दोन दिवसांत पळतो, ती पुडीही भूलतज्ज्ञांना दाखवा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं निघालं आहे.

तुमच्या इसबाबद्दल मला त्या मानानं कमी काळजी वाटते, कारण तो हातापायांवर आहे आणि ऋतूनुसार येतो-जातो. तरी एक गोष्ट समजून घ्या. इसबाचा चट्टा चालू असताना त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू मुक्कामाला असतो. जवळपास ७० टक्के लोकांच्या चट्ट्यांवर तो सापडतो, आणि वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेवरही पुष्कळांच्यात असतो. कोपर खाजवलेलं नख झोपेत छातीवर फिरतं, एवढं अंतर त्याला पुरे आहे. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यांत शरीरावर कुठेही ओला, खाजवून सोललेला चट्टा नको. नाकातून नमुना घेऊन हा जंतू तपासता येतो. सापडला तर नाकात लावायचं मलम पाच दिवस देतात. आंघोळीच्या जंतुनाशकाबद्दल मात्र तुम्ही आधी विचारा. क्लोरहेक्सिडिननं अनेक इसबवाल्यांची त्वचा आणखी कोरडी पडून भगभगते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा वापरून बघायची ती गोष्ट नाही.

आता केलॉइड. इथे मी तुम्हाला घाबरवणार नाही, पण खोटा दिलासाही देणार नाही. व्रण जाड, लाल होऊन जखमेच्या हद्दीतच राहिला तर तो वेगळा, बहुधा वर्ष-दीड वर्षात बसतो. केलॉइड हद्द ओलांडतो, शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो आणि आपणहून जात नाही. आपल्यासारख्या गहू-सावळ्या वर्णात तो जास्त दिसतो. त्याच्या आवडत्या जागा ठरलेल्या आहेत: कान, खांदे, जबडा आणि छातीचा मधला भाग, म्हणजे मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात तो. स्तनाखालचा छेद जर आतल्या बाजूला, छातीच्या हाडाकडे लांबला तर तो या धोक्याच्या पट्ट्यात शिरतो. तुमच्या बाबतीत मी तो जाणीवपूर्वक बाहेरच्या बाजूला सरकवीन, चार-पाच सेंटिमीटरचा ठेवीन, आतल्या बाजूला एक सेंटिमीटरही वाढवणार नाही.

मग स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनं का नाही? तिथला व्रण खरंच छान बसतो, पण त्या वाटेनं जाताना दुधाच्या नळ्या कापल्या जातात, आणि त्या नळ्यांत जंतू असतात. इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळण्याचा धोका त्या वाटेनं वाढतो असं बऱ्याच सर्जनांचं मत आहे, माझंही आहे. काखेतून बसवण्याची पद्धतही आहे. काखेत वारंवार गळवं होत असतील, दाबलं की एकातून दुसरीकडे पू निघत असेल, तर ती वाट कायमची बंद समजा. तो हायड्राडेनायटिस नावाचा वेगळा रोग आहे, तो स्तनांखालीही होतो, आणि तो चालू असताना मी इम्प्लांट बसवत नाही.

तुमच्याकडे केलॉइडबद्दलचा एक उत्तम पुरावा आधीच आहे: सिझेरियनचा व्रण. साडेतीन वर्षांनी तो सपाट, फिकट रेघ झाला असेल तर मला हायसं वाटेल. हमी नव्हे, पण कानाच्या कुर्चेवरच्या केलॉइडपेक्षा धडावरचा तो व्रण मला जास्त खरं सांगतो. तो दोरीसारखा उठलेला, खाजणारा असेल तर आपण या ऑपरेशनाबद्दल वेगळ्या सुरात बोलू.

आणि इथे तो मुद्दा येतो जो जाहिरातींत सांगितला जात नाही. दीड वर्ष दूध पाजल्यावर स्तन नुसते रिकामे होतात असं नाही, बऱ्याचदा उतरतातही. स्तनाग्र घडीच्या पातळीच्या खाली आलं असेल, तर नुसतं इम्प्लांट घालून स्तन वर येत नाही. उतरलेल्या पिशवीत वजन घातल्यासारखं होतं. तेव्हा त्वचा काढून स्तन उचलण्याचं ऑपरेशन जोडावं लागतं, आणि त्याचे व्रण वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली, आणि कधी घडीतून आडवे असे जातात. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या बाईसाठी चार सेंटिमीटरचा एक छेद आणि असे लांब व्रण यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आरशासमोर उभं राहून घडीत पेन्सिल आडवी धरा. स्तनाग्र पेन्सिलीच्या वर आहे की खाली, हे पाहून पहिला अंदाज येतो. खाली असेल तर सर्जनला पहिल्याच भेटीत विचारा: 'माझ्या अंगावर एकूण किती लांबीचे व्रण राहतील?'

व्रण बसल्यावरची काळजीही आधीच ठरवून ठेवायची. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, सिलिकॉनच्या पट्ट्या, दिवसातले बारा तास तरी, तीन महिने. उठाव दिसू लागला की वाट न बघता ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन व्रणात, चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं. केलॉइडवर इतर ठिकाणी किरणोपचार देतात, पण तरुण बाईच्या स्तनावर तो मार्ग मी सुचवणार नाही. म्हणून इथे प्रतिबंधालाच जास्त किंमत आहे.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारायलाच हवं: स्तनाग्राला खाज, खपली, पाणी सुटणं असं काही आहे का? इसब असलेल्या बाईच्या स्तनाग्रालाही इसब होतो, तो बहुधा दोन्ही बाजूंना, वर्तुळापासून सुरू होतो. एकाच बाजूला, थेट स्तनाग्रावर सुरू झालेली, मलमानं दोन-तीन आठवड्यांत न जाणारी खपली असेल तर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. पॅजेट नावाचा कर्करोगाचा प्रकार अगदी इसबाच्या वेषात येतो. 'मला इसब आहेच' या सवयीमुळे अशा बायका उशिरा येतात, आणि ही गोष्ट मला दर वेळी चटका लावून जाते. इम्प्लांट असो वा नसो, हे विसरू नका.

सिलिकॉननं त्वचा बिघडेल का? सिलिकॉनची खरी ॲलर्जी फार विरळ आहे. बाळाच्या बाटलीच्या बोंडीत, लघवीच्या नळीत, शांपूमध्ये आपण ते वर्षानुवर्षं वापरतो. सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत, ह्यूस्टनला बसवलं गेलं. १९९२ मध्ये संधिवातासारखे स्वप्रतिरक्षित आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे आजार, होतात या शंकेवरून तिकडे सौंदर्यासाठीच्या वापरावर बंधन आलं. १९९९ मध्ये तिथल्या वैद्यकीय अकादमीच्या मोठ्या अहवालात असा संबंध सिद्ध झाला नाही, आणि २००६ मध्ये बंधन उठलं. त्यानंतर २०१८ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी केलेल्या, सुमारे एक लाख बायकांच्या अभ्यासात काही स्वप्रतिरक्षित आजार जास्त दिसले, पण अमेरिकी औषध प्रशासनानंच त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. म्हणजे हा विषय मिटलेला नाही. इम्प्लांटनंतर थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा, अंगावर पुरळ अशी लक्षणं सांगणाऱ्या बायका आहेत, त्यासाठी कोणतीही रक्ततपासणी नाही, आणि काहींना इम्प्लांट काढल्यावर बरं वाटतं. मी त्यांचं म्हणणं मनाचे खेळ म्हणून झटकत नाही. तुमच्या दृष्टीनं अडचण अशी, की ज्या बाईला आधीपासून पुरळ येतं, तिला उद्या नवं पुरळ आलं तर ते जुन्या इसबाचं की इम्प्लांटचं हे सांगणं अवघड होईल. म्हणून ऑपरेशनपूर्वी सगळ्या अंगाचे, चट्ट्यांचे, तारखेनिशी फोटो काढून ठेवा.

ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारखे स्वप्रतिरक्षित आजार असलेल्यांना इम्प्लांटच्या मूळ चाचण्यांतून वगळलेलं होतं, त्यामुळे त्यांच्यासाठी सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. उन्हात गेल्यावर गालांवर लाली, सांधे सुजणं, थंडीत बोटं पांढरी पडणं असं काही तुम्हाला असेल तर आधी ती तपासणी.

खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग, होतो. त्यामुळे २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं तिची बायोसेल जातीची इम्प्लांटं जगभरातून परत मागवली. मी गुळगुळीत पृष्ठभागाचंच सुचवते. आणि काही वर्षांनी एक स्तन अचानक सुजला, किंवा त्यावर गाठ वा चट्टा आला, तर 'माझा जुना इसब' म्हणून क्रीम लावत बसायचं नाही, सोनोग्राफी करायची.

चिकटपट्टीचं पुरळ ही बारीक गोष्ट वाटते, पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त हैराण तीच करते. जखमेवर कागदी पट्टी, पारदर्शक पट्टी, कधी टाक्यांऐवजी त्वचेचा गोंद लागतो. यातल्या कशाची ॲलर्जी आहे हे आधी कळलं तर सोपं. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर नमुने लावून ४८ आणि ९६ तासांनी बघतात. त्यात पट्टीचा चिकट भाग, गोंद, आयोडीन, क्लोरहेक्सिडिन, नेहमीच्या जखमेच्या मलमातलं निओमायसिन हे सगळं तपासून घ्या. खोट्या दागिन्यांनी मानेला खाज येत असेल तर ती निकेलची ॲलर्जी, इम्प्लांटला तिचा अडसर नाही, पण धातूच्या पिना त्वचेत मारू नका असं सर्जनला सांगा आणि ऑपरेशननंतरच्या ब्राचा हूक अंगाला टेकू देऊ नका. अंगावर पित्त उठण्याची सवय असेल तर ते भूलतज्ज्ञांना हमखास सांगा, कारण मॉर्फिनसारखी काही वेदनाशामकं ते भडकवतात.

ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे काखेला वॅक्सिंग नको, रेझर नको. केसांच्या मुळाशी उठलेल्या बारीक पुळ्या पाहून मी ऐन वेळी ऑपरेशन पुढे ढकललेलं आहे. सिगारेट नसेल, पण मिश्री? ती तंबाखूच आहे, निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जखम सावकाश भरते. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद.

आता तारीख. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट, ब्रा आणि टॉवेल नीट वाळत नाहीत, घडी ओलसर राहते. गणपती त्याच दिवसांत येतात. ऑपरेशननंतर सहा आठवडे घट्ट ब्रा दिवसरात्र घालायची असते. तुमच्या नायट्याला याहून सोयीचे दिवस नाहीत. नंतर ऑक्टोबरचा उकाडा. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होऊन तुमचा इसब उठतो, म्हणजे दिवाळीनंतर लगेच केलं तरी जखम भरत असताना खाज सुरू व्हायची. मला तुमच्यासाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा वाटतो. एप्रिलचा घाम सुरू होण्याआधी सहा आठवडे पार पडतात. मध्ये होळी-रंगपंचमी येईल, त्या वर्षी रंग नाही. पण फेब्रुवारीत घडी स्वच्छ नसेल, तर पुढचा फेब्रुवारी. सुट्टी मंजूर झाली, पैसे भरले, सासूबाई मुलाला सांभाळायला आल्या, या कारणांसाठी लाल घडीवर छेद देणाऱ्या सर्जनकडे जाऊ नका.

आकाराबद्दल एकच: लहान घ्या. मोठं इम्प्लांट घडी खोल करतं, घडी खोल झाली की घाम साचतो, आणि पातळ झालेल्या त्वचेला ते पेलत नाही. स्वतःच्या पोट-मांडीची चरबी भरण्याचा पर्यायही विचारा. त्यानं फार मोठा फरक पडत नाही, एखाद्या कपाएवढा, भरलेली थोडी चरबी विरघळतेही, पण बाहेरची वस्तू आत राहत नाही आणि छेद काही मिलिमीटरचे असतात. तुमच्यासारख्या पेशंटला मी हा पर्याय आधी समजावून सांगते, आणि त्यातल्या कित्येकींना तेवढं पुरतं.

खर्चाचा हिशोब एका ऑपरेशनाचा धरू नका. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. अमेरिकी औषध प्रशासनाच्या माहितीनुसार आठ-दहा वर्षांत पाचांपैकी एकीला ते काढावं लागतं. आत फुटलंय का हे बघायला पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर दोन-तीन वर्षांनी. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन आरोग्यविम्यात बसत नाही. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम. सीएच. किंवा डीएनबी (आताचं नाव डीआरएनबी) पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद आहे का, हे विचारण्यात काही उद्धट नाही. इम्प्लांटच्या खोक्यावरचं क्रमांकाचं स्टिकर मागून घ्या आणि फाइलला लावा.

पहिल्या भेटीला जाताना घरातल्या अर्धवट पिळलेल्या सगळ्या मलमांच्या नळ्या एका पिशवीत घालून न्या, आईच्या सोरायसिसच्या औषधांची चिठ्ठी न्या, कानाचा केलॉइड आणि सिझेरियनचा व्रण दोन्ही दाखवा. आणि त्याआधी निदान दोन आठवडे स्तनाखालच्या घडीत काहीही लावू नका, पावडरसुद्धा नाही. त्या दोन आठवड्यांत नायटा पुन्हा उठला, तर उठू द्या. तो तसाच, औषधाविना, आम्हाला दिसायला हवा.